कडेपर्यंत गेलेली रेघ

कानसेनांची खोली इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर, धुलाई खात्याच्या शेजारी होती. खोलीला एक खिडकी होती. ती उघडली की धुलाईची वाफ आत यायची, म्हणून ती बंद असायची. बंद खिडकीमुळे उकडायचं, म्हणून पंखा बसवलेला होता. पंख्याच्या घरघरीत कामाचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून तोही बंद असायचा. इस्पितळाच्या नकाशावर या खोलीला 'सुसज्ज ध्वनितपासणी कक्ष' म्हटलं होतं.

कानसेन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, आणि दार दिवसभर उघडं असल्यामुळे पाटी भिंतीकडे तोंड करून असायची. त्यांचं काम डोक्यातलं रक्त ऐकण्याचं. कानाच्या पुढे, कानशिलावर, कवटीचं हाड पातळ असतं. तिथे बोटभर जेली लावायची, जाडसर पेनाएवढी नळी टेकवायची आणि यंत्र चालू करायचं. आतल्या रक्तवाहिनीवरून परत आलेला आवाज 'हुश्श, हुश्श' असा ऐकू येतो आणि पडद्यावर त्याच्या लाटा उमटतात. पडद्याच्या मधोमध एक आडवी रेषा असते. रक्त नळीच्या दिशेनं, बाहेरच्या अंगाला येत असेल तर लाट रेषेच्या वर. नळीपासून दूर, आत जात असेल तर खाली. सुई नाही, कापाकापी नाही. "सासूच्या डोक्याला लावलं तरी घरात भांडण होणार नाही, इतकं निरुपद्रवी," असं कानसेन म्हणत.

नव्या शिकाऊंना ते पहिल्या दिवशी एकच धडा देत. पेशंटची नाडी मंद असली की माणूस बोट जास्त दाबतो, आणि जास्त दाबलं की स्वतःच्याच बोटातली नाडी लागते. मग तो मन लावून ठोके मोजतो, समाधानानं मान हलवतो, आणि ते ठोके असतात त्याचे स्वतःचे. "एका बहाद्दरानं," कानसेन सांगत, "मेलेल्या माणसाची नाडी उत्तम असल्याचं लिहून दिलं. त्याची स्वतःची तब्येत खरोखरच उत्तम होती."

कानसेनांच्या स्वतःच्या हृदयाला मात्र एक खोड होती. चार-पाच ठोके शहाण्यासारखे पडायचे, मग एक गळायचा, आणि पुढचा उशिरा आलेल्या कारकुनासारखा दणकन येऊन बसायचा. त्यांच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: काळजीचं कारण नाही, आणि चहा कमी करा. पैकी पहिली त्यांनी तंतोतंत पाळली होती. बायको म्हणायची, तुमच्या छातीशी कान गेला की वाटतं, कुणीतरी जिना चढून वर येतंय आणि मध्येच एका पायरीवर थबकतंय.

एकंदरीत सगळं ठीक चाललेलं असताना भिंगरीला त्यांच्याकडे आणलं.

भिंगरी हे घरचं नाव, एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं. शाळेच्या घाईत दात घासताना तिच्या हातून ब्रश पडला. आई म्हणाली, उचल. पोरीनं उजवा हात पुढे केला, तर तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बाजूला लोंबला. आईला वाटलं, शाळा बुडवायची नाटकं. आई शिवणकाम करायची आणि तिचं बोलणं तिच्या टाक्यांसारखंच बारीक आणि सरळ होतं, पण हे एक वाक्य ती भेटेल त्याला, विचारलेलं नसताना, पुन्हा पुन्हा सांगे: मला नाटक वाटलं हो. मग पोरीच्या ओठाचा कोपरा खाली आलेला तिला दिसला. "आई" म्हणायला गेलेल्या तोंडातून नुसता वारा आला.

म्हाताऱ्यांचा हा आजार लहान मुलांनाही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुलांच्या मेंदूचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक होतं. सगळं इस्पितळ त्यांना नुसतं मॅडम म्हणे. त्यांनी पोरगी आल्याआल्या तळघरातल्या मोठ्या चुंबकात तिच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढून घेतलं. ते यंत्र चालवणारी ती चुंबकबाई. तिच्या खोलीत लोखंड नेलेलं चालत नसे आणि उलट बोललेलंही. या चित्राची गंमत अशी, की त्यात रक्तवाहिनी दिसत नाही, तिच्यातून वाहणारं रक्त तेवढं दिसतं. वाहतं ते पांढरं, थांबलं ते काळं. पानं झडलेलं झाड अंधारात उजळावं तसं ते दिसतं. भिंगरीच्या झाडाची डावीकडची मोठी फांदी बुंध्यापाशीच तुटलेली होती. पुढे काळोख.

आता प्रश्न असा, की फांदी खरंच बंद आहे, की अगदी चिंचोळ्या वाटेनं थोडं रक्त जातंय? हे चित्र कधीकधी चिंचोळ्यालाही बंद म्हणतं. थोडं जात असेल, तर औषधावर ठेवून थांबायचं; मुलांच्या रक्तवाहिन्या सावरतात. मुळीच जात नसेल, तर कवटीला खिडकी पाडून कानशिलावरची एक बारीक रक्तवाहिनी आत मेंदूवर जोडायची, आणि तेही लवकर. कारण दुसरा झटका आला तर हात जाईल, बोलणं जाईल आणि कदाचित भिंगरीही. मांडीतून डोक्यापर्यंत तार सरकवून आत बघता आलं असतं, पण त्या तारेनंच झटका येण्याची भीती होती. मॅडमना ते नको होतं. म्हणून मॅडम कानसेनांना म्हणाल्या, "तुम्ही ऐका आणि सांगा."

कानसेनांनी दार लोटलं, पंखा बंद केला, भिंगरीच्या डाव्या कानशिलावर जेली लावली. तिला ती गार लागली आणि तिनं डोळे मिचकावले. उजवा हात आईनं आपल्या दोन्ही हातांत धरला होता. नळी टेकली. कानसेनांना शांतताच ऐकू येईल, असं वाटत होतं.

हुश्श.

यंत्र किती आतवरचं ऐकतं, ते त्यांनी कमीजास्त करून पाहिलं. आवाज स्वच्छ होता. लाटा उंच होत्या, पण रेषेच्या खाली. म्हणजे रक्त कानशिलाकडून आत जात होतं. ही फांदी आतून बाहेर येते. तिच्यातलं रक्तही बाहेरच यायला हवं. आणि लाटा सावकाश होत्या. त्यांनी डाव्या हातानं पोरीची नाडी धरली. ती पाखरासारखी फडफडत होती. मनगटात पाखरू आणि कानशिलात मध्यमवयीन गृहस्थ.

मग एक ठोका गळला. पुढचा दणकन बसला.

कानसेनांना हसू आलं. इतकी वर्षं पोरांना शिकवलं आणि आज आपणच आपली नाडी मोजतोय. त्यांनी नळी हातातून सोडली, डोक्याला बांधायच्या पट्ट्यात अडकवली, पट्टा आवळला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. कशालाही हात लावला नाही.

हुश्श. हुश्श. हुश्श. हुश्श. मग रिकामी जागा. मग दणकन.

हसू तोंडावर राहिलं होतं, ते त्यांनी काढून टाकलं. टेबलाखाली, आईला दिसणार नाही असं, स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. आवाज आणि बोटाखालचा ठोका बरोबर चालले होते. दोघंही एकाच जागी थांबत होते.

"काका, रक्त जातंय ना?" आईनं विचारलं.

"जातंय," कानसेन म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

मॅडमना त्यांनी हे थट्टेच्या सुरात सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या सुरात सांगायचं ते त्यांना सुचलं नाही. मॅडम हसल्या. म्हणाल्या, यंत्र जुनं झालंय, कुठला तरी आवाज कुठे तरी मिसळतोय. मी ऐकते, तुम्ही बाहेर जा. कानसेन बाहेर गेले. व्हरांड्यात उभे राहिले. समोर जिना होता. काय मनात आलं कोण जाणे, कुणाला न सांगता त्यांनी तो चढायला सुरुवात केली. आधी चालत, मग जवळजवळ पळत, गच्चीच्या कुलपापर्यंत. तिथे कठड्याला धरून ते धापा टाकत राहिले, आणि श्वास जागेवर आल्यावर खाली आले.

मॅडम पडद्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मध्येच फार जोर धरला होता," त्या म्हणाल्या. "कुणी धावल्यासारखा. मग हळूहळू निवला." मग त्यांनी वळून कानसेनांच्या कपाळावरचा घाम पाहिला. "कुठे गेला होता?"

"चहाला."

"चहा खाली मिळतो," मॅडम म्हणाल्या.

मुलीनं तेवढ्यात डोळे उघडले. ती मॅडमकडे पाहत नव्हती. कानसेनांकडे पाहत होती, आणि तिच्या कपाळावरही बारीक घाम होता.

दुसऱ्या दिवशी चुंबकबाईकडे पुन्हा चित्र काढायचं ठरलं. तळघरात नेहमीसारखी थंडी होती. भिंगरीला झोपेचं औषध देऊन बोगद्यात सरकवलं. काचेच्या अलीकडे, पडद्यांसमोर, चुंबकबाई आणि मॅडम बसल्या. कानसेन मागे उभे राहिले. तसं त्यांचं तिथे काही काम नव्हतं; चुंबकबाईनं तसं बोलूनही दाखवलं. यंत्राची ठकठक सुरू झाली, बराच वेळ चालली आणि थांबली. झाड पडद्यावर आलं.

मोडलेली फांदी बुंध्यापाशी मोडलेलीच होती. पण तिच्या पुढचा भाग, काल जिथे काळोख होता तो, पांढरा झाला होता. आणि त्या पांढऱ्या भागातून दोऱ्यासारखी एक रेघ निघून कानशिलाकडे गेली होती, हाडातून पार झाली होती, कातडीच्या बाहेर आली होती आणि चित्राच्या कडेपर्यंत गेली होती. कातडीबाहेर चित्रात नुसती हवा असते. हवा काळी दिसते. त्या काळ्यात ती रेघ सुईत ओवता येईल इतकी स्वच्छ होती.

"आर्टिफॅक्ट," मॅडम म्हणाल्या.

चित्रात जे नसावं ते दिसलं की त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. पेशंट हलला, दातात चांदी असली, यंत्राला शिंक आली, सगळं त्यातच जमा. आपले वाडवडील अशा वेळी 'देवाची करणी' म्हणत. शिकलेल्या माणसाला तसं म्हणता येत नाही, एवढाच फरक.

चुंबकबाईनं चौकट मोठी केली आणि पुन्हा चित्र काढलं. डोकं आता छोटं दिसत होतं, भोवती हवा जास्त. रेघ याही चौकटीच्या कडेपर्यंत गेली होती. तिनं आणखी मोठी केली. रेघ कडेपर्यंत. यंत्राला याहून मोठी चौकट घेता येत नव्हती.

चुंबकबाईनं पडद्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट उचलून हवेत त्या दिशेला धरलं. बोगदा, काच, खुर्ची. बोट कानसेनांच्या छातीवर थांबलं.

"जरा तिकडे जाऊन उभे राहता?" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाला विचारून सांगितलं असेल. कानसेन दाराबाहेर गेले, वळसा घालून भिंतीच्या पलीकडे, चाकाच्या खुर्च्या ठेवतात तिथे उभे राहिले. ठकठक झाली. त्यांना परत बोलावलं. रेघ हाडातून निघाल्यावर वळली होती. चाकाच्या खुर्च्यांकडे.

मॅडमनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"पुढे रक्त पोचतंय हे तर खरं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी थांबते. औषध चालू ठेवू."

आणि भिंगरी सुधारू लागली. आधी अंगठा हलला, मग बोटं. आईनं तिच्या मुठीत कापडाचा तुकडा दिला, तो तिनं धरला आणि परत मागितला तर दिला नाही. एका सकाळी ती स्पष्ट "आई" म्हणाली, आणि आई वॉर्डातल्या बाकावर बसून इतकी रडली की शेजारच्या पेशंटचे नातेवाईक सांत्वन करायला आले. कानसेन जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे चक्कर मारू लागले. पोरीला त्यांच्या येण्याची चाहूल आधीच लागे. आई म्हणायची, अहो, तुम्ही जिन्यात असता तेव्हाच ती दाराकडे बघते.

कानसेन हसून म्हणायचे, "माझ्या चपला वाजतात." त्यांच्या चपला रबराच्या होत्या.

मग थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. बहीण दुसऱ्या गावी असायची. कानसेनांनी रजा टाकली, सकाळची बस धरली, खिडकीजवळची जागा मिळवली आणि डुलकी काढली. फोन वाजला तेव्हा बस निम्म्या वाटेवर होती. फोन मॅडमचा होता. त्यांनी नमस्कारही केला नाही.

"कुठे आहात?"

कानसेनांनी सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, भिंगरीचा हात पुन्हा लुळा पडलाय. सकाळी नुसती मुंग्या येतात म्हणत होती, आता बोलतही नाहीये. शुद्ध हरपत चाललीय. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला या असं सांगत नाहीये. कसं सांगणार?"

कानसेन पुढच्या थांब्यावर उतरले आणि उलट दिशेची बस पकडली. ती गच्च भरलेली होती. ते उभे राहिले, दांडीला धरून. आपल्याला कुठे काही ओढल्यासारखं वाटतंय का, हे ते तपासत होते. काहीच वाटत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं. गाव जवळ येईतो फोन पुन्हा वाजला. मॅडम म्हणाल्या, डोळे उघडलेत. नंतर, बस डेपोत शिरताना: मूठ वळतेय.

बहिणीला त्यांनी बस बिघडल्याचं कळवलं. बहीण म्हणाली, तुझं लहानपणापासून असंच.

त्या संध्याकाळी ते मॅडमच्या खोलीत जाऊन बसले. म्हणाले, ऑपरेशन करा. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन रक्त जात नसेल तर करतात. तुमच्या तपासणीत ते जातंय, चुंबकबाईच्या चित्रात जातंय, मी वरिष्ठांना काय दाखवू? कानसेन म्हणाले, मी उद्या जिन्यावरून पडलो तर? मला परवा कुणी दुसऱ्या गावी बदललं तर? माझं हे हृदय किती वर्षं चालणार आहे? पोरीला अजून शाळा पुरी करायचीय.

"मग लिहून द्या, रक्त जात नाही."

"तिचं जात नाही," कानसेन म्हणाले. आणि तसंच लिहून दिलं, एक शब्द गाळून.

आईनं ऐकलं तेव्हा ती ओरडली नाही. ती कानसेनांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, जातंय. मी तुमच्या शब्दावर झोपले." कानसेन आपल्या चपलांकडे पाहत राहिले. आयुष्यभर ते हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होते.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ ते शस्त्रक्रिया विभागाच्या भिंतीला टेकून, बाहेरच्या लाकडी बाकावर बसून राहिले. बाकाच्या त्या टोकाला आई बसली होती. पाणी प्यायलासुद्धा ते उठले नाहीत. आईला ते दिसत होतं. बऱ्याच वेळानं ती सरकून त्यांच्याजवळ आली आणि हातातला पेरू त्यांना अर्धा दिला. खाल्ला कुणीच नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. नवी जोडलेली रक्तवाहिनी वाहू लागली. भिंगरी आठवड्यात चालू लागली, मग वॉर्डाबाहेर पळू लागली, मग इस्पितळातल्या सगळ्यांना ती घरी जायला हवी असं वाटू लागलं. ती गेली त्या दिवशी कानसेनांनी बहिणीकडची बस धरली. सबंध प्रवासात फोन मांडीवर ठेवला होता. तो वाजला नाही. दोन दिवस राहून परत आले. मग मॅडम एकदा जिन्यात भेटल्या, थांबल्या, "सुटलो," एवढंच म्हणाल्या आणि वर गेल्या.

त्यानंतरचे महिने कानसेनांना फार छान गेले. भूक वाढली. गुडघे दुखायचे थांबले. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून पाठीवर थाप मारली: एकही ठोका गळत नाही, चहा सोडलात वाटतं. कानसेनांनी सोडला नव्हता. उलट वाढवला होता. इस्पितळात कुणी म्हणालं, केस काळे करता का. बायको मात्र एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, जिन्यावरचं ते माणूस आता थबकत नाही हं. सरळ वर येतं.

ठरल्या वेळी भिंगरी तपासणीला आली. आधी तळघरात चित्र, मग कानसेनांकडे आवाज. ती पोचायच्या आत चुंबकबाई स्वतः जिना चढून वर आली, जे ती कधीच करत नसे. तिनं दार लावलं आणि चित्र टेबलावर ठेवलं. ऑपरेशननं जोडलेली रक्तवाहिनी छान पांढरी दिसत होती. मोडलेली फांदी अजून मोडलेलीच होती.

रेघही होती.

"मॅडमना दाखवलं?" कानसेनांनी विचारलं.

"त्या म्हणाल्या, जुना आर्टिफॅक्ट आहे, लक्ष देऊ नको." चुंबकबाईनं रेघेवर नख ठेवलं. मागच्या खेपेला दोऱ्याएवढी होती. आता तिच्या नखाखालून दोन्ही बाजूंनी दिसत होती. "जाड झालीय," ती म्हणाली आणि गेली.

भिंगरी आईबरोबर आली, पलंगावर चढली. केस वाढून टाक्यांची खूण झाकली होती. ती सलग बोलत होती: शाळा, मैत्रीण, मैत्रिणीचं मांजर. आई हसत होती. येताना तिनं कानसेनांसाठी शर्ट शिवून आणला होता, मापाशिवाय, नुसत्या नजरेनं. तो त्यांना खांद्यात घट्ट झाला. आई म्हणाली, तुम्ही भरलात की हो.

मग म्हणाली, "बाकी सगळं छान आहे. लवकर दमते मात्र हल्ली. शाळेतून आली की झोपते, ती उठवावी लागते. होतं ना असं ऑपरेशननंतर?"

"होतं," कानसेन म्हणाले.

पंखा बंद केला. जेली लावली. नळी टेकवली, पट्टा न बांधता, हातानंच.

रेषेच्या खाली लाटा होत्या, बारीक, भराभर. ऑपरेशनची रक्तवाहिनी, आत जाणारी. जशी असावी तशी.

रेषेच्या वरही लाटा होत्या. उंच, भरदार. रक्त आतून बाहेर येत होतं. नळीच्या दिशेनं.

दारातून मॅडम डोकावल्या, पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. मूळची फांदी उघडली की, म्हणाल्या. निरोगी मुलाचा पडदा हुबेहूब असाच दिसतो. त्या घाईत होत्या. आईच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या पेशंटकडे गेल्या.

कानसेनांनी दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या मानेवर ठेवलं. नाडी हलकी होती. भराभर. पाखरासारखी.

भिंगरीचं बोलणं हळू झालं. मांजराची गोष्ट अर्धी राहिली. तिचे ओठ कागदासारखे होत होते. आई पाठमोरी, पिशवीतून शर्टाचं जास्तीचं बटण शोधत होती.

आता नळी उचलायला हवी, असं कानसेनांना कळत होतं. हात जड झाला नव्हता. दुखतही नव्हता. उबदार होता, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. त्यांनी त्याला उचलायला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही.

पोरीनं डोळे अर्धे उघडले.

"काका, झालं?"

"थोडंसंच राहिलंय," कानसेन म्हणाले.